मानसिक आजार आणि व्यसन दोन्ही असलेल्या पेशंटसाठी एम.एस.डब्ल्यू.नंतर कुठलं प्रशिक्षण घ्यावं?

माणदेशी_लेक

सगळ्यांना नमस्कार. मी एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी (मेडिकल अँड सायकियाट्रिक), केलंय. सांगली जिल्ह्यातल्या एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. प्रश्न पुढच्या शिक्षणाचा आहे, पण तो कुठून आला ते आधी सांगते. पेशंट ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत.

तिशीतला ट्रॅक्टर ड्रायव्हर. देशी दारू रोजची. घरच्यांनी आणून दाखल केला. पहिले काही दिवस थरथर, घाम, उलट्या यात गेले, मग सावरला. जेवायला लागला, गटात बोलायला लागला. दुसऱ्या आठवड्यात मात्र त्याची झोपच उडाली. रात्रभर जागा, तरी थकवा नाही. भेटेल त्याला ट्रॅक्टर घेऊन देतो म्हणायचा, पहाटे तीनला मोठ्याने अभंग म्हणायचा, अडवलं की अंगावर धावून जायचा. व्यवस्थापनाने घरच्यांना बोलावून सांगितलं, ‘आम्ही मनोरुग्ण ठेवत नाही, आधी डोक्याचं बघा.’ ते त्याला एका मानसोपचार रुग्णालयात घेऊन गेले. तिथे सांगितलं, ‘हा दारूचा पेशंट आहे, आधी व्यसनमुक्तीत ठेवा, मग आणा.’ आई पुन्हा माझ्यासमोर, हातात दोन्हीकडचे कागद. म्हणाली, ‘पोरी, ह्यो नक्की कुणाचा पेशंट हाय?’

त्या माउलीला उत्तर देता येईल इतकं मला शिकायचंय. एम.एस.डब्ल्यू.ला मनोविकार शिकवले, व्यसनही शिकवलं, पण दोन्ही एकाच माणसात असले तर काय करायचं यावर वेगळी तासिका झाल्याचं आठवत नाही.

माझे प्रश्न असे. सायकियाट्रिक सोशल वर्कचं एम.फिल. बंद झालं म्हणतात, मग आता पर्याय काय? घरी सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत, त्यामुळे सलग दोन वर्षं गाव सोडणं सध्या शक्य नाही. नोकरी सांभाळून खरोखर उपयोगी पडेल असं काही आहे का? आमच्या केंद्रात एक एम.ए. सायकॉलॉजी झालेली मुलगी आहे, एक जी.एन.एम. सिस्टर आहेत, आणि स्वतः दारूतून बाहेर पडलेले एक काका समुपदेशन करतात. त्यांच्यासाठीही सुचवा. नुसती कोर्सची नावं नकोत, शिकून काय हाताला लागलं ते सांगा.

ओपीडीबाहेर

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. डॉक्टरांचा मार्ग ठरलेला आहे म्हणून थोडक्यात सांगतो: एम.डी. सायकियाट्रीनंतर तीन वर्षांचं डी.एम. (अ‍ॅडिक्शन सायकियाट्री). दिल्लीचं एम्स, चंदीगडचं पीजीआय, बंगळुरूचं निम्हान्स (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) इथे ते होतं. एम्सचं राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र गाझियाबादला आहे. जागा फार थोड्या, त्यामुळे जिल्ह्याच्या गावी डी.एम. झालेला डॉक्टर मिळेल ही अपेक्षा अजून बरीच वर्षं धरता येणार नाही. तुमच्यासारख्या लोकांनी शिकणं म्हणूनच जास्त महत्त्वाचं आहे.

तुमच्या पेशंटला न बघता निदान सांगणं योग्य नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवा. दारू अचानक थांबल्यावर येणारा भ्रम, म्हणजे डिलिरियम, साधारण शेवटच्या पिण्यानंतर दोन ते चार दिवसांत येतो आणि त्यात माणसाला दिवस कोणता, आपण कुठे आहोत, समोर कोण आहे हे कळेनासं होतं. थरथर थांबून चांगला जेवायला लागलेला माणूस दुसऱ्या आठवड्यात, पूर्ण भानावर असताना, झोपेशिवाय ताजातवाना फिरत असेल तर तो त्रास दारू उतरण्याचा म्हणून सोडून देता येत नाही. उन्मादाचा, म्हणजे मूड बेफाम चढण्याच्या आजाराचा, विचार त्याच दिवशी व्हायला हवा.

आणि कायद्याचं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू २९ मे २०१८ पासून. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था धरलेल्या आहेत. ‘दारूचा आहे, आमचा नाही’ असं म्हणून पेशंट परत पाठवणं या व्याख्येत बसत नाही. घरच्यांच्या हातात पुढच्या वेळी चिठ्ठी द्याल तेव्हा त्यात हे एक वाक्य लिहा.

सीनाकाठ

ताई, मी एम.एस.डब्ल्यू.नंतर निम्हान्सला सायकियाट्रिक सोशल वर्कचं एम.फिल. केलं आणि पुढची सगळी नोकरी सोलापूर-धाराशिव भागात केली. तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण हा प्रश्न फार कमी लोक विचारतात.

आधी एम.फिल.चं. २०२२च्या नियमावलीने यूजीसीने एम.फिल. ही पदवीच थांबवली. नंतर क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६च्या सत्रापर्यंत मुदत वाढवून दिली. अडचण अशी की २०१७च्या कायद्यात सायकियाट्रिक सोशल वर्करची पात्रता सांगताना समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. असं लिहिलेलं आहे. म्हणून आता कुठल्याही नव्या नावाच्या कोर्सला प्रवेश घ्याल तर संस्थेकडून लेखी घ्या, की ही पदवी त्या पात्रतेसाठी धरली जाईल. तोंडी आश्वासनावर दोन वर्षं आणि घरचे पैसे घालू नका. सायकॉलॉजीवाल्या मुलीला सांगा की तिने आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता त्या वर्षाच्या यादीत स्वतः तपासावी. जाहिरातीतल्या ‘मान्यताप्राप्त’ या शब्दावर विसंबू नये.

आता मुद्द्याचं. कोर्स निवडताना मी दोनच गोष्टी बघायला सांगेन. तिथे एकच पेशंट दोन्ही आजारांसाठी त्याच टीमकडे महिनोन्महिने येतो का? आणि तुम्ही लिहिलेली केस कुणी जाणता माणूस तुमच्यासमोर बसून वाचतो, खोडतो, पुन्हा विचारायला पाठवतो का? या दोन्हींना ‘हो’ असेल तर कोर्स छोटा असला, नाव साधं असलं तरी जा. ‘नाही’ असेल तर कितीही मोठ्या नावाचं प्रमाणपत्र असो, तुमच्या त्या पेशंटच्या आईला त्याचा उपयोग होणार नाही.

असं का म्हणतो? या रुग्णांचं निदान एका बैठकीत होत नाही, काळ जावा लागतो. दारू पिणारा माणूस उदास असतो, त्याला झोप नसते, कधी आवाजही ऐकू येतात. यातलं दारूमुळे किती आणि मुळातला आजार किती, हे ठरवायला निदानाच्या पुस्तकातही साधारण महिनाभराच्या कोरड्या काळाचा आधार घेतला आहे. दारू पूर्ण थांबून महिना झाला तरी उदासी तशीच असेल तर ती स्वतंत्र आजार असण्याची शक्यता बळावते. पण केंद्रातला मुक्काम संपला की पेशंट घरी जातो आणि रुग्णालयात दर वेळी नवा निवासी डॉक्टर असतो. तो महिना नीट बघणारा माणूस कुठल्याच ठिकाणी नसतो.

निम्हान्सला मला सगळ्यात मोलाची शिकायला मिळालेली गोष्ट म्हणजे जीवनरेषा काढणं. एक लांब कागद आडवा घ्यायचा, पेशंट आणि घरचे दोघांना बसवायचं. वरच्या बाजूला दारू, गांजा, तंबाखू जे असेल ते कधी सुरू, कधी वाढलं, कधी थांबलं. खालच्या बाजूला झोप, मूड, संशय, आवाज, आत्महत्येचे विचार. मग दोन्ही बाजू जुळवून बघायच्या. आपल्याकडे लोक तारखा सांगत नाहीत. ते सांगतात, थोरलीच्या लग्नाच्या आधी, कारखान्याचा पट्टा पडला तेव्हा, किल्लारीचा भूकंप झाला त्या साली. ते तसंच लिहून घ्या, साल आपण नंतर लावू.

आणि आपल्या भागात निसर्गानेच दिल्यासारखी एक संधी आहे: श्रावण. रोज पिणारे कितीतरी लोक श्रावण पाळतात. म्हणजे दरवर्षी साधारण महिनाभराचा कोरडा काळ, तोही घरच्यांच्या डोळ्यांसमोर. मी प्रत्येक पेशंटच्या बायकोला, आईला विचारतो: श्रावणात बंद असताना ह्यांची झोप कशी होती? तेव्हाही एकटे बडबडत होते का? शेजारी करणी करतात हे तेव्हाही म्हणत होते का? वारीला माळ घातली असेल तर त्या काळाबद्दल विचारतो. एका बाईंनी मला सांगितलं होतं, ‘प्यायला लागले की बरं वाटतं आम्हाला, श्रावणात तर घरात कुणाशी बोलतच नाहीत, भिंतीकडं तोंड करून पडतात.’ एवढ्या एका वाक्याने त्या माणसाच्या उपचाराची दिशा बदलली. परदेशातल्या कुठल्याही प्रश्नावलीत हा प्रश्न सापडणार नाही, तो आपण आपल्या प्रशिक्षणात घालायला हवा.

पेशंटची ही ओढाताण का होते तेही समजून घ्या. व्यसनमुक्ती केंद्रं सामाजिक न्याय खात्याच्या योजनांतून चालतात, मनोरुग्णालयं आरोग्य खात्याची. केंद्रातल्या लोकांचं प्रशिक्षण दिल्लीच्या राष्ट्रीय समाजरक्षा संस्थेच्या आणि तिच्या विभागीय केंद्रांच्या वाटेने, रुग्णालयातल्या लोकांचं वैद्यकीय आणि नर्सिंगच्या वाटेने. दोघं चांगलं काम करणारे असूनही एकमेकांच्या वॉर्डात पाऊल न ठेवता निवृत्त होऊ शकतात. रुग्ण मात्र अशा कप्प्यांत विभागलेला नसतो. अमेरिकेतल्या मोठ्या लोकसंख्या-पाहणीचे निष्कर्ष १९९०मध्ये आले, त्यात स्किझोफ्रेनिया असलेल्यांपैकी ४७ टक्के लोकांना आयुष्यात कधीतरी दारू किंवा अमली पदार्थांचा विकार झालेला आढळला, आणि तीव्र प्रकारच्या द्विध्रुवी आजारात (उन्माद आणि उदासी आलटून पालटून येणारा) हे प्रमाण ६० टक्क्यांवर होतं. हे आकडे तिकडचे आहेत, आपल्याकडे जसेच्या तसे लावू नका. पण ‘असे पेशंट अपवाद असतात’ हे म्हणणं त्यांनी मोडीत काढलं.

तिकडेही आधी हेच होतं: आधी हा आजार, मग तो, किंवा दोन्हीकडे वेगवेगळे उपचार आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये रॉबर्ट ड्रेक, किम म्यूसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच टीमने दोन्ही आजार बघण्याची पद्धत बसवली. त्यातल्या चार पायऱ्या मला रोज उपयोगी पडतात. आधी माणसाशी नातं जोडायचं, मग मन वळवायचं, मग प्रत्यक्ष उपचार, मग पुन्हा घसरू नये म्हणून सांभाळणं. आपली केंद्रं बहुतेक थेट तिसऱ्या पायरीपासून सुरू करतात. ज्याला आवाज ऐकू येतात आणि जो दारूनेच ते दबतात असं सांगतो, त्याला पहिल्या दिवशी ‘दारू सोडलीच पाहिजे’ हे व्याख्यान देऊन काही होत नाही. त्याच्या आवाजांबद्दल आधी विचारा. दारूने त्याला काय मिळतं हे त्याच्या तोंडून ऐकून घ्या. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३मध्ये मांडलेली प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत यासाठीच शिकायची. ती नुसती वाचून येत नाही. परवानगी घेऊन स्वतःची मुलाखत रेकॉर्ड करायची आणि कुणाकडून तरी तपासून घ्यायची, तरच येते.

गाव न सोडता करता येण्यासारखं सांगतो. निम्हान्सचं व्हर्च्युअल नॉलेज नेटवर्क आहे, व्यसनोपचारात काम करणाऱ्यांना ते ऑनलाइन शिकवतात. ही ‘प्रोजेक्ट इको’ची पद्धत आहे. डॉ. संजीव अरोरा यांनी २००३मध्ये न्यू मेक्सिकोत ती हेपटायटिस सीच्या उपचारासाठी सुरू केली. त्यात व्याख्यान थोडं, केस जास्त. तुम्ही तुमचा पेशंट मांडता, तज्ज्ञ आणि देशभरातले तुमच्यासारखेच लोक त्यावर बोलतात. माझे दोन्ही निकष त्यात बऱ्यापैकी बसतात, म्हणून माझी पहिली शिफारस हीच. दुसरं, कोलंबो प्लॅन या अनेक देशांच्या सहकार्य संघटनेचा व्यसनोपचारासाठीचा जागतिक अभ्यासक्रम. त्यातला मूलभूत पातळीचा तिसरा कोर्स पूर्णपणे व्यसनासोबत येणाऱ्या मानसिक आणि शारीरिक आजारांवर आहे. तुमचे काका आणि सिस्टर दोघांनाही झेपेल. तिसरं, गोव्यातल्या ‘संगत’ संस्थेचं काम मिळवून वाचा. तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये व्यावसायिक पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी दारूसाठी आणि नैराश्यासाठी थोडक्या बैठकांचे उपचार केले. त्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१७मध्ये लॅन्सेटमध्ये आले. मार्गदर्शिका मोफत उपलब्ध आहेत. त्यांची खरी ताकद मला दिसते ती देखरेखीत: समुपदेशक एकमेकांच्या बैठकांची रेकॉर्डिंग ऐकून गुण देत. हे तुमच्या केंद्रात चौघंजणसुद्धा करू शकता.

पुण्याच्या मुक्तांगणबद्दल वेगळं सांगायला नको. १९८६मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने सुरू केलेलं, आणि आज महाराष्ट्रातल्या किती केंद्रांचे कार्यकर्ते तिथे घडलेत. काही दिवस राहून काम बघायला मिळालं तर रजा टाकून जा.

काकांबद्दल मुद्दाम लिहितो. स्वतः त्यातून गेलेला माणूस पेशंटशी जे नातं जोडतो ते आम्हाला पदव्या घेऊन साधत नाही. त्यांना बाजूला ठेवून तुम्ही तिघींनीच प्रशिक्षण घेतलंत तर ते वाया जाईल. कारण काही जुन्या मंडळींचा ठाम समज असतो की मानसोपचाराच्या गोळ्या म्हणजेही नशाच. उन्मादावरचं लिथियम चालू असलेला पेशंट ते ऐकून गोळ्या बंद करतो आणि पुन्हा उन्मादात जातो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या फेलोशिपची स्वतःची अधिकृत भूमिका अशी आहे की कुठल्याही सदस्याने दुसऱ्याचा डॉक्टर बनू नये. काकांना हे त्यांच्याच फेलोशिपच्या पुस्तिकेतून दाखवा, आपल्या तोंडून सांगू नका.

आणखी एक. घरचे विचारतील, ‘दारू सोडायची गोळी भाजीत मिसळून देऊ का?’ ती गोळी, म्हणजे डायसल्फिराम, न सांगता देणं नीतीला धरून नाही आणि जिवावर बेतू शकतं. शिवाय ज्याला मनोविकृतीचा त्रास आहे त्याचा तो त्रास या गोळीने वाढू शकतो. इथे ठाम ‘नाही’ म्हणता येणं, आणि ते घरच्यांचा हतबलपणा समजून घेऊन म्हणता येणं, हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

रात्रपाळी

मी मनोविकार विभागात स्टाफ नर्स आहे, सायकियाट्रिक नर्सिंगचा डिप्लोमा केलाय. सरांनी श्रावणाचं लिहिलं ते अगदी खरं, पण त्याची दुसरी बाजू आम्हाला वॉर्डात दिसते. आषाढ अमावस्येला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद करणारे लोक. ज्यांचं शरीर दारूवर टेकलेलं आहे त्यांना पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, मग डिलिरियम. त्या आठवड्यात असे रुग्ण हमखास येतात आणि बरोबरचे म्हणतात, ‘देवाचं पाळलं तरी वेड लागलं’ किंवा ‘बाहेरचं काहीतरी लागलंय’. तुमच्या सिस्टरना दोन गोष्टी पक्क्या शिकवा. एक, दारू उतरण्याची तीव्रता मोजायचा दहा मुद्द्यांचा तक्ता असतो, सीवा नावाचा. तो ठरलेल्या तासांनी भरायचा, अंदाजाने ‘बरा दिसतोय’ लिहायचं नाही. दोन, सलाइनमधून ग्लुकोज देण्याआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. उपाशीपोटी पिणाऱ्या माणसाच्या मेंदूला कायमची इजा होण्यापासून ते वाचवतं. कावीळ असेल, यकृत खराब असेल तर दारू उतरताना द्यायच्या गोळ्यांपैकी लिब्रियमऐवजी लोराझेपाम का, हे डॉक्टरांना विचारून घ्या, म्हणजे गोळी बदलली की सिस्टर गोंधळणार नाहीत.

आता विडीचं. याकडे फार कमी लोकांचं लक्ष असतं. क्लोझापिन किंवा ओलान्झापिन ही मनोविकृतीवरची औषधं चालू असलेला पेशंट विडी ओढत असतो. धुरातले घटक यकृताचं काम वाढवतात आणि औषध लवकर निचरून जातं, म्हणून डोस त्या हिशेबाने बसवलेला असतो. केंद्रात किंवा वॉर्डात विडी बंद होते. आठवडाभरात तोच डोस जास्त पडायला लागतो: लाळ गळते, गुंगी येते, क्लोझापिनला झटक्याचा धोका. घरच्यांना वाटतं औषधाने माणूस पार मेला. आपल्याकडे विडी सुटली की लगेच तंबाखू मळायला सुरुवात होते, मग वाटतं, तंबाखू चालूच आहे की, फरक कसा पडेल? पण हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. चघळायच्या तंबाखूने किंवा मिश्रीने तो भरून निघत नाही. म्हणून दाखल करताना ‘तंबाखू: हो’ एवढंच लिहू नका. ओढतो की चघळतो, किती, आणि कधीपासून बंद, हे लिहा. घरी गेल्यावर विडी पुन्हा सुरू झाली तर औषध कमी पडायला लागेल, तेही घरच्यांना सांगून ठेवा.

झोपेच्या गोळ्यांचं वेगळं विचारा. ‘नशा करतो का’ म्हटलं की लोक दारू-गांजाचं सांगतात. बटन, कुत्ता गोळी या नावांनी विचारलं तरच पोरं सांगतात. त्या गोळ्या अचानक थांबल्या तरी झटके येतात आणि कधीकधी दारूपेक्षा उशिरा येतात, त्यामुळे कुणाला संशयही येत नाही.

धाकटी_बहीण

मी तज्ज्ञ नाही. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे आणि तो गांजा ओढायचा. तुम्ही लोक काय शिकणार हे वाचत होते म्हणून आमच्या बाजूने लिहिते.

आम्हाला दर नव्या ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. प्रत्येक जण विचारायचा, आधी गांजा की आधी आजार? आणि त्या विचारण्यात आईला वाटायचं की आपण लक्ष दिलं नाही म्हणून झालं. तुम्ही जीवनरेषा काढाल तेव्हा ती कशासाठी काढताय हे आधी सांगा. दोष ठरवायला नाही, औषध ठरवायला, एवढं म्हटलं तरी आई मोकळी बोलेल.

दुसरं, तो पुन्हा ओढायला लागला तर कुणाला फोन करायचा? टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, व्यसनमुक्तीचा १४४४६. रात्री घाबरलेल्या माणसाने यातला कोणता लावायचा? आमचं शेवटी बरं झालं ते एका समुपदेशक बाईंमुळे. त्या दोन्ही विचारायच्या, गांजाबद्दल आणि आवाजांबद्दल, एकाच फोनवर, न रागावता. पुन्हा ओढला हे कळल्यावर त्यांनी भेटीची तारीख रद्द केली नाही, उलट अलीकडे घेतली. हे ज्या कोर्समध्ये शिकवतात तो करा.

माणदेशी_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टरनी विडीचा मजकूर छापून भिंतीवर लावला आणि दाखल करायच्या फॉर्ममध्ये रकाना वाढवलाही. काका आधी गप्प होते, पण फेलोशिपची पुस्तिका वाचल्यावर स्वतःहून म्हणाले, मलाही त्या ऑनलाइन केसमध्ये बसव. आमच्याकडे दर मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. त्यांना विनंती केली आहे की ओपीडी संपल्यावर एक केस चौघांसमोर बोलावी, त्यांनी होकार दिलाय. नेटवर्कमध्ये नाव नोंदवायची तयारी चालू आहे. पूर्णवेळ पदवीचा विचार सोडलेला नाही, सासूबाईंचं बघून ठरवेन.

सीनाकाठ सर, एक शंका. श्रावण, वारी काहीच न पाळणारा पेशंट असेल, गेल्या दहा वर्षांत एक दिवस कोरडा नाही, तर जीवनरेषेत काय बघायचं? आणि महिनाभर वाट बघेपर्यंत औषध थांबवायचं का?

सीनाकाठ

कोरडा काळ बहुतेकांच्या आयुष्यात असतो, फक्त तो धार्मिक नसतो. पाय मोडून सरकारी दवाखान्यात पडलेला असताना, पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात असताना, लॉकडाउनमध्ये दुकानं बंद होती तेव्हा, दारू मिळत नाही अशा गावी कामाला असताना. यातलं एक तरी निघतं. किती दिवस होतं ते विचारा, कारण आठवडाभराच्या कोरडेपणावरून काही ठरवता येत नाही. दारू सुरू होण्याआधीची वर्षंही बघा. शाळेत असताना महिनोन्महिने शाळा बुडवून पडून राहायचा का, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का.

औषधासाठी वाट बघायची नसते. वाट बघायची ती निदान पक्कं करायला. उन्माद, आवाज, टोकाचा संशय, जेवणखाण सुटणं, मरणाचे विचार यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, मंगळवारपर्यंतही थांबू नका. मरणाच्या विचारांबद्दल सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. पिऊन असताना बोलला म्हणून सोडून देऊ नका, पिऊन असतानाच लोक ते करून बसतात. सौम्य उदासी किंवा कमी झोप असेल तर दोन-चार आठवडे दर आठवड्याला त्याच माणसाने, त्याच प्रश्नांनी नोंद ठेवायची आणि मग डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचं.

जीवनरेषेचा कोरा तक्ता मी मराठीत करून ठेवलाय, सणांची आणि हंगामांची नावं आधीच छापलेली आहेत. व्यक्तिगत निरोपात ईमेल द्या, पाठवतो. तुमच्याकडे डाळिंबाचा हंगाम वेगळा असेल, तेवढा रकाना बदलून घ्या.